कोळणीची सायकल आणि दोघांचा अबोला

ये गं, अशी जवळ ये. फोनवरून कुणी जवळ बसत नाही हे मलाही कळतं, पण तू इथे समोर पाटावर बसली आहेस असं समजूनच मी लिहायला घेतलंय. आधी थोडी रागावते, मग सांगते. एवढी महागाची सायकल घेतलीस, मावशीला एका शब्दाने विचारलंस? आणि आता म्हणतेस पाठ दुखते, म्हणून बाल्कनीत भिंतीला टांगून ठेवलीय. सायकल काय कोट आहे टांगायला? तुझ्या मापाची आहे का ते दुकानात कुणी बघितलं? "मावशी, सायकलला कसलं माप, मीडियम साइज आहे" असं तू म्हणालीस ना, तेव्हाच मी फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. मीच ठेवला.

आमच्याकडे सायकल मापाने शिवून मिळायची. हो, शिवूनच म्हणतेय मी. ऐक.

आम्ही गिरगाव सोडून भाईंदरला जेसल पार्कात राहायला आलो, तेव्हा तिथे अर्ध्या बिल्डिंगा उभ्या होत्या आणि अर्ध्या उभ्या राहत होत्या. जिकडे बघावं तिकडे रेतीचे ढीग. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीत उघडायची आणि खिडकीच्या बरोब्बर समोर पत्र्याचा एक गाळा होता. पाटी नाही, काही नाही, आत तीन कारागीर. कारखान्यातली सायकल ज्याला पुरत नाही तो इथे यायचा. पाववाल्याला पुढे भला मोठा खोका लागायचा. दूधवाल्याला कॅन असे लटकवायचे असायचे की पायडल मारताना पोटरीला लागता कामा नयेत. एक शाळामास्तर तर इतके उंच होते की साध्या सायकलवर बसले की त्यांचे गुडघे हँडलला टाळी द्यायचे. सगळ्यांची सोय त्या गाळ्यात व्हायची.

फ्रेमचं काम मिस्त्रींचं. उत्तर प्रदेशातले, मेंदी लावलेली दाढी, मला भाभीजी म्हणायचे. नळ्या कापायच्या, पितळ वितळवून सांधे जोडायचे, आणि सांधा असा गुळगुळीत की बोट फिरवलं तर कळू नये कुठे संपला. माप घ्यायचे सुतळीने. टेप होती, पण ती खिडकीला बांधून ठेवलेली, वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून. सुतळी अंगाला लावायची, गाठ मारायची, पुढचं माप, पुढची गाठ. आणि माप झालं की गिऱ्हाइकाला गल्लीच्या टोकापासून फाटकापर्यंत चालायला लावायचे. माणूस कुठल्या पायावर जोर देतो, खांदा कुठे पडतो, ते बघायचं. चाल बघितल्याशिवाय नळी कापायची नाही, हा त्यांचा नेम.

चाकांचं काम भाईंचं. हे काठियावाडचे, मी त्यांची बेन. रिमला स्पोक भरायचे आणि चाक फिरवून कान लावायचे, गायला बसल्यासारखे. आणि तिसरा पेंटर, आपल्या कोकणातला. मला वहिनी म्हणायचा. ब्रश न उचलता फ्रेमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी रेघ ओढायचा. रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा आणि झाली की असा सोडायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची.

आता गंमत ही की मिस्त्री आणि भाई एकमेकांशी बोलत नव्हते. भाई एकदा गिऱ्हाइकाला समजावताना म्हणाले होते की सायकल म्हणजे मुळात दोन चाकं, बाकीचं सगळं बसायची सोय. मिस्त्रींनी ते ऐकलं. त्या दिवसापासून दोघं त्याच गाळ्यात पाठीला पाठ लावून बसायचे आणि मधे पेंटर. हातभर अंतरावर पाना पडलेला असला तरी मिस्त्री म्हणणार, "पेंटर, उनको बोलो पाना दे दे." पेंटर म्हणणार, "भाई, पाना." भाई पाना पेंटरच्या हातात ठेवणार, पेंटर मिस्त्रींच्या. पेंटर चहाला गेला की सायकलचा कारखाना बंद.

आणि तरी त्यांच्या सायकली सुतासारख्या सरळ जायच्या. हँडल सोडून दिलं तरी. हे कसं होतं ते मला पेंटरने एकदा चहा पिता पिता सांगितलं. मिस्त्रींचा एक डोळा अधू. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा ते बसवायचे आणि तो दर वेळी केसभर उजवीकडे जायचा. त्यांना ते दिसायचंच नाही. भाईंना पहिल्याच सायकलीत दिसलं. पण बोलायचं कसं, अबोला ना! मग भाई चाकच केसभर डावीकडे ओढून द्यायचे. तिकडचं तिकडे फिटायचं. मिस्त्रींना वाटायचं आपला चिमटा सरळ, आणि भाई गप्प. मी पेंटरला म्हटलं, मग तू तरी सांग. तो म्हणाला, "वहिनी, मी फक्त पाने पोचवतो."

तर अशा या गाळ्यात आमची कोळीण आली. ती चौकची. उत्तनच्याही पुढे, समुद्राला टेकलेलं गाव. गळ्यात क्रूस, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, डोक्यावर टोपली. आमच्या बिल्डिंगीत दारोदार म्हावरं विकायची. तिची खोड अशी की मासा तुम्ही निवडायचा नाही, ती निवडणार. "तुमच्या घरात आज मांदेली," म्हणायची आणि आपण मांदेली करायची.

ती यायची बसने, आणि बसमध्ये रोज तंटा. इस्त्रीचे कपडे घातलेली ऑफिसची माणसं टोपलीला बघून नाक धरायची. त्यात एकाच्या पांढऱ्या पँटीवर टोपलीचं पाणी ठिबकलं. तो चिडला तर हिने त्याला लिंबू चोळायचा उपाय सांगितला, तो आणखी चिडला. शेवटी तिच्या नवऱ्याने सांगितलं, रोजची भांडणं नकोत, भाईंदरच्या बाजारात जावेची जागा आहे, तिथे शेजारी बस आणि वीक. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला असतात, त्या पुन्हा समुद्रात जायच्या आत काय ते ठरव.

तुला वाटेल यात काय एवढं. अगं, ती आणि तिची जाऊ एका घरात राहायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. ती माझ्या उंबऱ्यावर बसली, टोपली बाजूला सारली आणि म्हणाली, "बाय, रातच्याला एका घरात, दिवसा एका फळीवर. मी न्हाय बसणार जावंच्या बाजूला. त्यापरीस समुद्रात जाऊन बसंन."

आणि गिऱ्हाइकांची दारं तुटणार, त्याचं काय? तिला दारोदार फिरणं आवडायचं. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची सून रुसलीय, सगळं तिला ठाऊक. बाजारात बसलं की माणसं येतात, भाव करतात, जातात. मी खिडकीतून गाळ्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, पाववाल्याला सायकल बनवून देतात, तुला का नाही?

मिस्त्रींनी ऐकलं आणि दाढीवरून हात फिरवला. बाईची सायकल त्यांनी कधी बनवली नव्हती. बनवायला हरकत नव्हती, हरकत होती मापाला. बाईच्या अंगाला सुतळी कशी लावायची? मग तोड निघाली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी सुतळी घेतली. ते भिंतीला सांगायचे, "भाभीजी, अब कमर से घुटना," आणि मी इकडे गाठ मारायची. कोळणीला गुदगुल्या व्हायच्या. ती हसली की सुतळी हलायची, सुतळी हलली की मी ओरडायची, आणि मिस्त्री भिंतीलाच विचारायचे, क्या हुआ.

मग चालून दाखवायची वेळ आली. गिऱ्हाईक ओझ्यासकट चाललं पाहिजे, म्हणून भरलेली टोपली डोक्यावर. आमच्या बिल्डिंगीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मुलगी बघायचा कार्यक्रमच तो. वरच्या मजल्यावरून कुणी म्हणालं, हळू चाल गं, कुणी म्हणालं, पदर नीट कर. तिने वर बघून सांगितलं, "हुंडा देनार न्हाय, आदीच सांगते." आणि अशी चालली म्हणून सांगू, टोपली पालखीसारखी तरंगत आली. मिस्त्री बघत राहिले. एवढी सरळ चाल मी पुरुषाची पण बघितली नाही, म्हणाले. हे त्यांनी पेंटरला सांगितलं, पेंटरने भाईंना सांगितलं, भाईंनी मान हलवली.

सायकल ठरली ती अशी. मधली आडवी नळी नाही, म्हणजे लुगड्यात पाय टाकून बसता येईल. पुढचं चाक लहान आणि त्याच्यावर टोपली बसेल एवढा खोलगट कॅरियर. ब्रेक मजबूत, कारण चौकच्या रस्त्याला चढउतार. पेंटरने मडगार्डवर आपल्या मनाने एक बांगडा काढला. कोळीण वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो मेलेला हाय." पेंटर दुखावला. ती म्हणाली, डोळा लाल केलास, कल्ला पांढरा केलास, असा बांगडा मी नेला तर लोक माझ्या तोंडावर मारतील. पेंटर म्हणाला, बदलतो, पण गावाहून आल्यावर. भातलावणी आली होती, त्याला जायलाच हवं होतं. तो गेला आणि गाळ्यातला बोलायचा रस्ता बंद झाला.

त्याच दिवसांत शाळेच्या पटांगणात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं आणि मिस्त्रींना चष्मा मिळाला. काळ्या काड्यांचा, जाड. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. भाईंनी पण तिरक्या नजरेने बघितला. मी स्वतः म्हटलं, मिस्त्री, शोभतो हो. पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, आणि भाईंच्याही नाही.

सायकल तयार झाली आणि शिकवणी सुरू झाली. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, विकायला फक्त सुका माल, त्यामुळे कोळणीला वेळ होता. पहिल्या दिवशी ती बसली, पायडल मारलं, आणि सरळ डावीकडच्या रेतीच्या ढिगात. उठली, लुगडं झटकलं, पुन्हा बसली. पुन्हा रेतीत. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच ढिगात, त्याच खड्ड्यात. पडून पडून तिचा आकार उमटला होता त्यात. बिल्डिंगीतला एकेक जण शिकवायला उतरला. आमचे हे ऑफिसातून आले की पिशवी हातातच, आणि सुरू: "चाकाकडे बघू नका, लांब बघा, मान सैल सोडा." ह्यांना स्वतःला सायकल येत नव्हती हं. पण सांगायचे असे की जन्म सायकलवर गेला.

कोळीण बिचारी मेटाकुटीला आली. माझ्याकडे पाणी प्यायला आली तर डोळे भरलेले. तोवर मी तिला कधी तशी बघितली नव्हती. म्हणाली, माझंच अंग डावं असेल, बाय. इतकी वर्षं टोपली धरून डावा हात जड झाला असेल. जाऊ रोज फळीवरची जागा धुऊन ठेवते, मुद्दाम, मला दिसेल अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, बसली, पायडल मारलं, आणि उजवीकडे गटारात.

आमचे हे दाढी करता करता खिडकीत आले होते, ते तसेच फेस लावून उभे. कोळीण गटारातून उठली. एक पाय कोपरापर्यंत काळा, म्हणजे गुडघ्यापर्यंत गं, मला अजून हसू येतं म्हणून चुकते. वर बघून मला म्हणाली, "बाय, मी तीच हाय. काल डावी, आज उजवी. माझं अंग रोज फिरतं काय?"

मग मी ठरवलं, आज खिडकी सोडायची नाही. भाजी खिडकीत निवडली, तांदूळ खिडकीत निवडले. दुपारी भाई घरी जेवायला गेले. ते वळणावर दिसेनासे झाले तसे मिस्त्री उठले, इकडेतिकडे बघितलं, सायकल उलटी केली आणि चिमटा हळूच वाकवला. मग सायकल सरळ करून ठेवली आणि जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने भाई आले, आणि मिस्त्री नमाजाला गेले. मिस्त्री वळणावर दिसेनासे झाले तसे भाई उठले. सायकल उलटी केली. स्पोकची चावी काढली आणि चाक ओढायला बसले.

आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. सगळं एकदम दिसलं. चष्मा आल्यावर मिस्त्रींचा चिमटा जन्मात पहिल्यांदा सरळ बसला होता. भाईंनी सवयीप्रमाणे चाक डावीकडे ओढलं होतं. सायकल डावीकडे गेली. तेव्हा मिस्त्रींना वाटलं, चाक असं आहे तर मीच चिमटा केसभर उजवीकडे घेतो. भाईंना वाटलं, चिमटा सरळ झालाय तर मीच चाक सरळ करतो. दोघांनी एकाच दिवशी केलं, गुपचूप. सायकल उजवीकडे गेली. आणि आज दोघांनी पुन्हा केलं होतं. म्हणजे उद्या ही पुन्हा रेतीत. दोघंही गुणी, दोघंही चांगल्या मनाचे, आणि मधल्या मधे बाई आपली पडतेय. पेंटर तिकडे चिखलात भाताची रोपं लावतोय.

मी कोळणीला सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. रिकामी टोपली उचलली आणि गाळ्यात गेली, मी मागोमाग. टोपली दोघांच्या मधे उलटी ठेवली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, तोंडं हिकडं करा. दोघं वळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर.

ती म्हणाली, "माजी जाव नि मी बोलत न्हाय. पन कालवनात मीठ घातलं का, येवढं इचारतो आमी. न्हायतर दोघी घालतो, नि पोरं उपाशी उठतात."

आणि हाताची घडी घालून बसली. मी दाराशी. शेवटी मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि भाईंकडे न बघता म्हणाले, "चिमटा सीधा था."

भाई म्हणाले, "कब से?"

"चश्मा आया तब से."

"मतलब पहले टेढ़ा था. कबूल ने?"

झालं. मिस्त्री उभे राहिले. म्हणाले, टेढ़ा था तो इतने साल बोले क्यों नहीं? भाई म्हणाले, बोलना बंद था, कैसे बोलता? मिस्त्री म्हणाले, बंद किसने किया? मग ते दोन चाकांचं आणि बसायच्या सोयीचं निघालं. मग कुणाचा पाना कुणी हरवला ते निघालं. वर्षांवर्षांचं साठलेलं, दिवेलागणीपर्यंत संपलं नाही. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. अगं, एवढं गोड भांडण मी कधी ऐकलं नाही. कोळीण टोपलीवर बसून ऐकत होती, मधेच मला म्हणाली चहा आण, मी आणला, चौघांनी प्यायला.

मधे एकदा मिस्त्री खाली बसले. म्हणाले, मास्तरची सायकल, पाववाल्याची सायकल, सगळ्या सरळ चालतात, लोक माझं नाव घेतात. मग त्या सरळ चालत होत्या त्या कुणामुळे? भाईंनी स्पोकची चावी खिशात टाकली आणि म्हणाले, "आपणी सायकल छे, बीजूं शूं?" म्हणजे आपली दोघांची आहे, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सायकल उलटी केली. एक चिमटा धरतोय, दुसरा चाक फिरवतोय, आणि तोंडं चालूच. कोळीण बसली, पायडल मारलं आणि गल्लीच्या टोकापासून फाटकापर्यंत गेली. जशी टोपली घेऊन चालली होती, तशीच. फाटकाशी ब्रेक लावायचं विसरली तो भाग वेगळा. फाटक उघडं होतं, ती रस्त्यावर गेली, आणि आमचे हे लांब बघा, लांब बघा म्हणत तिच्यामागे बनियनवर धावले.

होड्या समुद्रात गेल्या आणि पहिलं ताजं म्हावरं घेऊन ती चौकहून सायकलवर आली. येताना वाट वाकडी करून बाजारात गेली. जावेच्या फळीसमोर थांबली आणि घंटी वाजवली. बोलली नाही हं. नुसती घंटी. जाऊ सायकलकडे बघत राहिली. मग म्हणाली, बांगडा मेलेला हाय. कोळीण मला सांगताना म्हणाली, बाय, मीठ सोडून बोलली ती! आणि बोलली तेही खरंच होतं, तोवर आमचा पेंटर काही गावाहून आला नव्हता आणि बांगडा तसाच होता. आल्याबरोबर त्याला पकडून डोळा काळाभोर करून घेतला. पुढे काही दिवसांनी ती जाऊच गल्लीच्या टोकाला टोपली घेऊन चालून दाखवायला उभी राहिली, आणि मिस्त्री भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, "भाभीजी, सुतली."

आता गाळा नाही. तिथे बायकांचं पार्लर झालंय. मिस्त्री त्यांच्या गावी गेले, भाई लेकाकडे राहायला गेले, पण सणाला एकमेकांना फोन करायचे आणि फोनवर भांडायचे, असं पेंटर सांगायचा. कोळणीचे गुडघे गेलेत, सायकल तिची सून चालवते. ती स्वतः शुक्रवारी रिक्षाने येते, आमच्या घरात आज काय शिजायचं ते ठरवते आणि बसते गप्पा मारत. परवा मी तिला तुझी गोष्ट सांगितली, की पोरीने सायकल भिंतीला टांगलीय. ती म्हणाली, "टांगली? म्हावरं हाय काय, सुकवाया?"

म्हणाली, घेऊन ये म्हण त्या पोरीला, मी बघते चाल. मिस्त्रींची सुतळी अजून माझ्याकडे आहे, त्या मापाने सीट आणि हँडल तरी वरखाली करून घेऊ. तेव्हा आता कामाचं कारण सांगू नकोस. पुढच्या शुक्रवारच्या आत ये, सायकल भिंतीवरून काढून घेऊन ये, आणि चपला साध्या घाल, गल्लीच्या टोकापासून फाटकापर्यंत चालायचंय तुला. खिडक्या मी सगळ्यांना उघडायला सांगून ठेवते. ये गं, लवकर ये.